पांढरीपांडे मॅडमचा शाल-सराव

अमरावतीच्या त्या कॉलेजात कुंदा पांढरीपांडे मॅडमना न ओळखणारा माणूस एकतर कालच रुजू झालेला असतो, नाहीतर बहिरा असतो. आणि बहिरा असला तर तो त्यांच्याच खोलीत चहा पीत बसलेला सापडतो. हा विनोद माझा नाही, त्यांचाच आहे. असले विनोद दुसऱ्या कुणी केले की मात्र त्या चष्म्यावरून अशा बघतात, की माणसाला आपल्या तोंडाची लाज वाटावी.

बाईंचं वय छप्पन्न. घराणं वकिलांचं, जीभही वकिलाची, फक्त सर्टिफिकेट टायपिंगचं. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून पायाला लोखंडी कॅलिपर. कॉलेजात क्लार्क म्हणून लागल्या आणि वीसेक वर्षं सुखानं टाइप करत होत्या. मग वरून आदेश आला, की अपंग विद्यार्थ्यांसाठी कक्ष काढा आणि त्यांना नोकरीची वाट दाखवा. तेव्हाच्या प्राचार्यांनी स्टाफवर एक नजर फिरवली, ती कॅलिपरवर येऊन थांबली, आणि कक्ष बाईंच्या गळ्यात पडला.

"मीच काहून?" बाईंनी विचारलंसुद्धा.

"तुम्हाला त्यांचं दुःख कळेल," प्राचार्य म्हणाले.

"मला दुःख नाही कळत सर, टायपिंग कळतं." पण ऑर्डर निघाली होती.

कक्षाला खोली मिळाली ती पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, रॅम्प नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. बाईंनी चकार शब्दानं तक्रार केली नाही. प्राचार्यांची गाडी ज्या शेडखाली लागायची तिथे त्यांनी आपलं टेबल मांडलं, वर बोर्ड टांगला आणि नऊ दिवस तिथूनच कारभार केला. गाडी नऊ दिवस उन्हात. दहाव्या दिवशी तळमजल्यावरची एक चांगली हवेशीर खोली अचानक रिकामी निघाली.

तर बाई ही अशी. आता मुद्द्याचं. कक्ष चालवता चालवता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या पोरांना नोकरी न मिळण्याचं कारण भलतंच आहे. त्यांना कुणी 'नाही' म्हणतच नाही. अपंग पोराला तोंडावर नाही म्हणायला लोकांची जीभ रेटत नाही, मग लोक त्याचा सत्कार करतात. सत्काराची हौस तर आपल्याकडे दांडगीच. पोरगा इंटरव्ह्यूला जातो, साहेब त्याच्या कुबड्या बघतो, साहेबाचे डोळे भरून येतात, शिपाई पळत जाऊन शाल आणि नारळ आणतो, फोटो निघतो, आणि पोरगा खांद्यावर शाल टाकून संध्याकाळच्या एस.टी.नं घरी. प्रश्न एकही विचारलेला नाही. डिसेंबरात अपंग दिन आला की एकेका पोराच्या अंगावर तीन-तीन शाली पडायच्या, आणि स्टाफरूममध्ये आठवडाभर डब्यात खोबऱ्याची चटणी.

मग बाईंनी नियम केला आणि तो दारावर लावला, खाली ब्रेलमध्येही: नकार चालेल, शाल चालणार नाही. खरोखरचा नकार घेऊन आलेल्या पोराला त्या स्वतः कचोरी खिलवत. "नकार दिला म्हणजे तुला उमेदवार समजला," त्या सांगत. "शाल दिली म्हणजे तुला गणपती समजला. घरी बोलावून आरती करतील, पण ठेवून घेणार नाहीत."

नुसतं सांगून भागत नाही म्हणून दर शनिवारी शाल-सराव. एकानं प्रमुख पाहुणा व्हायचं आणि गळा भरून आल्यासारखं करत शाल घेऊन पुढे यायचं. दुसऱ्यानं शाल खांद्यावर पडायच्या आत हात पुढे करून म्हणायचं, "सर, आधी प्रश्न विचारा." ज्यांना दिसत नाही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीच्या आवाजावरून शाल ओळखायची. प्रमुख पाहुणा बहुतेक वेळा बाईच होत, आणि इतक्या हुबेहूब होत की पोरं हसून हसून बाकावरून खाली यायची.

या सरावात सगळ्यांत तरबेज म्हणजे आचल. आचल गावंडे, नांदगाव खंडेश्वरची, एम.ए. झालेली, जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. कान असे, की फोनवर माणूस दोन वाक्यं बोलला की तो दर्यापूरकडचा का वरूडकडचा हे ही पोट्टी सांगणार. कॉम्प्युटरवर आवाजाच्या मदतीनं सगळं काम करायची. पण सात ठिकाणी गेली आणि सातही ठिकाणी शाल. हातानं थोपवलेली, पण शालच.

आणि आता दिवस उरले नव्हते. मेच्या एकतीस तारखेला हॉस्टेल सोडायचं. त्यानंतर घर. घरचे वाईट असते तर सोपं होतं, भांडता आलं असतं. वडील चंद्रभान आणि आई कौशल्या या दोघांचा पोरीवर एवढा जीव, की तिनं उठून माठातलं पाणी घेतलं तरी घरात धावपळ व्हायची. "तुले काय कमी आहे माय? बस ना तू," चंद्रभान म्हणायचे. एकतीस तारखेसाठी त्यांनी गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. आचल एकदा बाईंना म्हणाली होती, "मॅडम, मी एकदा त्या खाटेवर बसली ना, तर मंग तिथूनच उचलतीन मले." हे ती हसत म्हणाली, पण बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

अकोल्याला एमआयडीसीत भगवंतराव टाले यांची बियाण्यांची कंपनी आहे. त्यांच्या शेतकरी हेल्पलाइनवर एक जागा निघाली. फोन घ्यायचा, तक्रार ऐकायची, उत्तर द्यायचं. ही जागा तर आचलसाठीच बेतलेली. बाईंनी तीन अर्ज पाठवले, उत्तर नाही. चौथ्यांदा बाईंनी अर्ज केला नाही, चौकशी केली. कळलं, की भगवंतराव माणूस दिलदार, मेहनती, आणि सत्काराचा भयंकर भुकेला.

मग काय. एप्रिलमध्ये कॉलेजात एक कार्यक्रम होताच. बाईंनी भगवंतरावांना सन्मानानं बोलावलं, 'कृषिरत्न' म्हणून माइकवरून पुकारलं आणि पोरांनी आणलेल्या ढिगातली एक बरी शाल इस्त्री करून त्यांच्या खांद्यावर घातली. भगवंतराव विरघळले, तेव्हा बाईंनी हळूच आचलच्या अर्जाचा विषय काढला. "ताई, पाठवा तुमच्या पोरीले वीस मेला," ते म्हणाले, "मी जातीनं पाह्यतो." बाई परत खोलीत आल्या त्या गाणं गुणगुणत. स्वतःवर इतक्या खूश होत्या की त्या दिवशी नकार नसतानाही सगळ्यांना कचोरी मिळाली.

वीस मेला सकाळी दोघी एस.टी.त बसल्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, ऊन खिडकीतून आत येऊन मांडीवर बसलं.

"मॅडम, एक विचारू काय? तुमी त्या साहेबाचा सत्कार काहून केला?"

"तुझ्यासाठी केला, बाई."

"हाव, पण आपण तर तेच नाही म्हणतो ना लोकायले."

"ते वेगळं आणि हे वेगळं," बाई म्हणाल्या. आणि वेगळं कसं ते तिनं विचारायच्या आत त्यांनी पिशवीतली काकडी काढून आचलच्या हातात दिली.

कंपनीच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि आचलनं मान तिरकी केली. "मॅडम, इंटरव्ह्यूले माइक लागते काय? आत कोणीतरी हॅलो हॅलो करून राहिलं."

बाईंनी आत बघितलं. अंगणात मंडप. रांगोळी. खुर्च्यांवर झाडून सगळा स्टाफ बसवलेला. आणि मागे हे एवढं मोठं फ्लेक्स.

"काय लिहिलं आहे?" आचलनं विचारलं.

"कंपनीचं नाव."

"आणि?"

"आणि तुझं," बाई म्हणाल्या. "दिव्यांग कन्या आचल गावंडे हिचा भव्य सत्कार. आडनाव बरोबर लिहिलंय."

भगवंतराव हात जोडत समोर आले, चेहरा आनंदानं फुललेला. "या ताई, या. तुम्ही माझा एवढा मोठा सत्कार केला, आणि मी तुमच्या लेकीचा केला नाही तर चार लोक मले काय म्हणतीन? आपल्यात परतफेड असते बाप्पा."

बाईंना धरणी दुभंगावी असं झालं. खरंच तसं झालं. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या नावानं बोटं मोडली तीच त्यांनी स्वतःच्या हातानं पेरली होती, आणि ती उगवून पोरीच्या शेवटच्या संधीवर येऊन पडली होती. इंटरव्ह्यू घेणारी हेल्पलाइनची प्रमुख, जुईली नावाची तरतरीत मुलगी, प्रश्नांचा कागद हातात घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचंही तोंड कडू झालेलं. पण मालकापुढे बोलणार कोण?

आचलला व्यासपीठावर नेलं. भाषण सुरू झालं. अंधारातून प्रकाशाकडे, जिद्द, प्रेरणा, सगळं झालं. मग पिशवी वाजली. आचलचा हात बरोबर वेळेवर पुढे गेला आणि माइकवरून सगळ्या मंडपाला ऐकू आलं, "सर, आधी प्रश्न विचारा."

बाईंच्या मनात आलं, जमलं. आणि भगवंतराव गदगदून म्हणाले, "बघा, केवढा हा बाणा!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या टाळ्यांतच शाल खांद्यावर पडली. चव्वेचाळीस डिग्रीत. इतक्या वर्षांच्या शनिवारांचा सराव असा अर्ध्या मिनिटात वाया गेला.

भगवंतराव पुन्हा माइकशी गेले. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आचल खुर्चीवरून उठली.

"तो फोन कोणी उचलून नाही राहिलं काय?"

"वाजू दे बेटा," भगवंतराव म्हणाले. "हेल्पलाइन आहे ती. आज तुह्या कार्यक्रमासाठी सगळ्यायले सुट्टी दिली."

"पंधरा दिवसांवर पेरणी आली ना साहेब," आचल म्हणाली. "आता कोणी सुट्टी देते काय?"

तिनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, काठी उघडली आणि आवाजाच्या दिशेनं निघाली. पायरीशी अडखळली. धरायला बाईंचा हात पुढे गेला होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून मागे घेतला. आचल भिंतीला लागली, भिंतीवरून दाराला, दारातून टेबलाला. आणि सगळा मंडप खुर्च्या सारून तिच्या मागे, पुढे जुईली.

"नमस्कार, बोला."

पलीकडून जो आवाज आला तो दारापर्यंत ऐकू येत होता. वलगावकडचे कुणी महादेवराव. सोयाबीनची बॅग मागच्या वर्षीची राहिली होती, यंदा पेरू का नको, आणि सकाळपासून तीनदा फोन केला, तुमी काय झोपा काढून राहिले काय? आचलनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, बॅगवरचा लॉट नंबर वाचून दाखवा."

"काहून? मी काय खोटं बोलून राहिलो? का मले आंधळा समजली?"

"नाही काका. आंधळी मी आहो. तुमी वाचा, मी ऐकते."

भगवंतरावांचे डोळे पुन्हा भरू लागले. पण वलगावच्या महादेवरावांना तेवढी सवड नव्हती. "मंग अगोदर सांगाचं ना," ते म्हणाले, आणि धडाधड नंबर वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा भांडायला लागले.

कुंदा पांढरीपांडेंना काय वाटलं ते सांगतो. त्यांना तो माणूस देवासारखा वाटला. आचलशी बाहेरचं कुणीतरी पहिल्यांदाच असं भांडत होतं, जसं कुणाशीही भांडतात. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि जोरात शिंकल्यासारखं केलं.

आचलनं काकांना ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघायला सांगितलं. त्यांनी त्या वाणाबद्दल आणखी काही विचारलं, ते तिला येत नव्हतं. "हे मले माहीत नाही, पाच मिनिटांत विचारून फोन करते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि मान न वळवता विचारलं, "इथं कोण सांगीन मले?"

"मी सांगते," जुईली म्हणाली. मग ती वळली. "साहेब, मला हिचा इंटरव्ह्यू घ्यायचा आहे. आत्ता. दार लावून."

पाऊण तास इंटरव्ह्यू चालला. जुईलीनं पोरीला चांगली घुसळून काढली. कंपनीचं सॉफ्टवेअर आचलच्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरशी निम्मंच जुळत होतं. वाणांची नावं तिला अर्धीच माहीत. तूर-कपाशीवरच्या औषधांत ती दोनदा चुकली. हे सगळं जुईलीनं बाहेर येऊन मालकाला जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, की बाकीचे उमेदवार फोनवर शेतकऱ्याला घाबरतात, ही घाबरत नाही.

भगवंतरावांनी डोकं खाजवलं. ज्या पोरीचा सत्कार केला तिच्याबद्दल असं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "दोन महिने पाहू," ते अखेर म्हणाले. "जमलं तर ठेवू. नाही जमलं तर... नाही म्हणा लागीन."

"बिलकूल म्हणा," बाई म्हणाल्या.

परत निघताना बाईंनी आचलचा हात धरला. "चुकलं माझं. तो सत्कार करायला नको होता मी."

"हाव, चुकलंच," आचल म्हणाली. तिनं काही गोड बोलून वेळ मारून नेली नाही. आणि बाईंना ते बरंच वाटलं.

आचलनं अकोल्यात जुईलीच्या ओळखीनं खोली घेतली आणि चारच दिवसांत कामावर गेली. चंद्रभान गावंडेंना ही बातमी फोनवर कळवली होती, पण ऐकून त्यांनी फक्त "बरं" म्हटलं होतं. एकतीस तारखेला सांगितलेली गाडी घेऊन ते हॉस्टेलवर आले ते पोरीचं सामान न्यायला. एक पेटी, एक गादी, पुस्तकांची दोन खोकी. मग कक्षात येऊन बाईंसमोर बसले. टोपी गुडघ्यावर.

"मॅडम, तिथं तिले पाणी कोण देत असन?"

"ती घेते."

"आणि सडकेनं?"

"काठीनं जाते. दोनदा चुकली म्हणे. विचारून पोचली."

बाईंनी चहा मागवला, तो चंद्रभानांनी घेतला नाही. "लोक फोनवर लय वाईट बोलतात म्हणते तिची आई," ते म्हणाले. "माह्या पोरीले कोणी आजवर अरे नाही म्हटलं."

बाईंच्या जिभेवर दहा उत्तरं आली. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. टेबलावरच्या चिठ्ठीवर हेल्पलाइनचा नंबर लिहिला आणि चंद्रभानांपुढे सरकवला. "पेरणी झाली काय तुमची?"

"कुठची? घरचं सोयाबीन आहे. उगवण पाह्यली, शंभरात बासष्ट निघाले. एकरी किती टाकाचं त्याचाच हिशोब लागून नाही राहिला."

"मग विचारा ना."

चंद्रभानांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून नंबर वाचला. मग त्यांनी खिशातून फोन काढला, एकेक आकडा दाबला, आणि स्पीकर कसा बंद करायचा ते माहीत नसल्यानं फोन टेबलावरच ठेवला.

"नमस्कार, शेतकरी हेल्पलाइन. बोला."

आवाज आचलचाच होता. चंद्रभानांनी घसा साफ केला. "मी नांदगाव खंडेश्वरवरून बोलून राहिलो."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. जिला दोन वाक्यांत माणसाचा तालुका कळतो तिला बापाचा आवाज कळायला किती वेळ लागणार? बाईंना वाटलं, आता ही 'बाबा' म्हणणार आणि सगळं मुसळ केरात.

"आपलं नाव सांगा," आचल म्हणाली.

"चंद्रभान गावंडे."

"वाण कोणतं, आणि उगवण किती निघाली?"

त्यांनी सांगितलं. तिनं शेत हलकं का भारी विचारलं, पेरा ट्रॅक्टरनं का तिफणीनं विचारलं. ते एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत गेले, पाठ ताठ करून. "थांबा, खात्री करून सांगते," ती म्हणाली. मग म्हणाली, "एकरी चौतीस किलो. आणि चांगला पाऊस पडल्याबिगर पेराची घाई करू नका."

"चौतीस जास्त नाही होत काय? मी तीस टाकत असतो."

"सत्तरच्या खाली उगवण आहे तुमची. तीस टाकान तर पेरा विरळ होईन. मंग मलेच फोन करान भांडाले."

चंद्रभान हसले नाहीत. "बरं," ते म्हणाले. "चौतीस."

"आणखी काही विचारायचं आहे काय?"

त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. बाईंनी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं आणि बघत राहिल्या.

"नाही मॅडम," चंद्रभान म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि घरी कौशल्याबाईंना फोन लावला. "ऐक," ते म्हणाले, "ते तीसचं राहू दे. एकरी चौतीस काढून ठेव. कंपनीच्या मॅडमनं सांगितलं."